डेलिया, जिथे कुठे असेल तिथे

ज्युडी एरवी मागच्या अंगणातून यायची, दार न वाजवता, लांबूनच हाक मारत. त्या रविवारी मात्र तिनं पुढच्या दाराची बेल वाजवली. सुहासिनी वैरागडेनं पदराला पुसावेत तसे ओले हात ॲप्रनला पुसत दार उघडलं, तर ज्युडी बुटांचा जुना खोका छातीशी धरून उभी.

"सू, तू हॉस्पिटलात कागद वाचायचं काम करायचीस ना?"

"बावीस वर्षं केलं. का गं?"

"मग हा एक वाच."

ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एकाच गल्लीत, दोघी एकोणीस वर्षं शेजारणी होत्या. सुहासिनी नागपूरची. नवरा प्रल्हादच्या नोकरीमागोमाग इथं आली, आणि कोलंबसच्या एका हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्समध्ये चिकटली ती रिटायर होईपर्यंत. डॉक्टरांचं किरटं अक्षर लावायचं, नावाच्या स्पेलिंगमधल्या चुका पकडायच्या, एकाच पेशंटच्या चुकून झालेल्या दोन फायली हुडकून एक करायच्या, हे तिचं काम. रिटायर झाल्यावरही तिचे हात शिवशिवत. मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांचे इन्शुरन्सचे गुंते तिच्याच डायनिंग टेबलावर सुटायचे.

ज्युडी एकोणसाठ वर्षांची, स्कूल बस चालवणारी. काळे सरळ केस, गव्हाळ रंग, रुंद गालफडं. आपण दत्तक आहोत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ज्यांनी वाढवलं ते शेतकरी जोडपं मायेचं होतं. "तुझा बाप इटालियन असावा," एवढंच ते सांगायचे, आणि ज्युडीनंही पुढे कधी खोदून विचारलं नाही. आई गेली तेव्हा कपाट आवरताना हा खोका निघाला. त्यातला कागद ज्युडीनं वाचला, परत ठेवला, आणि अकरा महिने कोणालाही दाखवला नाही.

"मग आज कसा काढलास?"

"तुझ्या नातीमुळे."

सुहासिनीची मुलगी अदिती तीन गल्ल्या पलीकडे राहायची. तिची सात वर्षांची निधी ज्युडीच्याच बसनं शाळेत जायची. शुक्रवारी बसमध्ये चढता चढता ती थांबली आणि म्हणाली, "मिस ज्युडी, आर यू इंडियन? यू लुक लाइक माय आजी."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, जाऊन बस, बस निघतेय. आणि मग दोन दिवस झोपले नाही."

सुहासिनीनं चष्मा लावला. १९६७ सालचा टाइप केलेला कागद, त्याची झेरॉक्स. नावांवर काळी शाई फासलेली. मधला मजकूर मात्र स्वच्छ वाचता येत होता. मिनेसोटा. इंडियन बालिका. वय सव्वीस महिने. प्रकृती ठणठणीत. स्वभाव शांत. वर्ण फारसा गडद नाही.

ते शेवटचं वाक्य तिनं तीनदा वाचलं. लग्नाच्या जाहिरातींत असली वाक्यं तिनं पाहिली होती. सव्वीस महिन्यांच्या पोरीबद्दल कोणी असं लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

प्रल्हाद मागे येऊन उभा होता. "म्हणजे रेड इंडियन?" तो मराठीत पुटपुटला.

"अहो, तसं म्हणत नाहीत आता."

"बरं, नेटिव्ह अमेरिकन. पण सुहास, लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत या. जपून."

जपून राहणं हा सुहासिनीचा स्वभाव नव्हता. पुढचे आठ दिवस ती सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसली की दुपारी जेवायला उठायची. तेहेतीस वर्षं या देशात काढली, आणि हे आपल्याला माहीतच नव्हतं याची तिला लाज वाटत राहिली. सरकारी खाती आणि चर्चच्या संस्था मिळून नेटिव्ह कुटुंबांतली मुलं उचलत होत्या आणि दूरदूरच्या गोऱ्या घरांत देत होत्या. घरात नळाचं पाणी नाही, मुलं आजीकडे ठेवली, एका खोलीत जास्त माणसं झोपतात, एवढं कारण पुरायचं. मुलांना आपल्याच माणसांत ठेवायचा कायदा झाला तो १९७८ साली. तोवर मुलांची एक अख्खी पिढी पांगली होती.

अशा पांगलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवणारी एक छोटी संस्था मिनिॲपोलिसमध्ये होती. चालवणारेही लहानपणी नेले गेलेलेच. सुहासिनीनं उत्साहानं फोन लावला. पलीकडे व्हर्ना नावाची बाई होती, आवाज शांत आणि खरबरीत.

"तुम्ही तिच्या कोण?"

"शेजारीण."

"मग तिला फोन करू दे."

"मी कागद लावण्यात चांगली आहे. मदत करायची आहे."

व्हर्ना म्हणाली, "करा की. पण एक ऐका. कोणाचं नाव सापडलं तर लगेच फोन उचलू नका. आधी तिला विचारा, मग मला सांगा. पलीकडेही माणसं आहेत. त्यांनी सत्तावन्न वर्षं काय काय करून मन घट्ट केलंय, तुम्हाला माहीत नाही."

ज्युडीनं दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. दर बुधवारी व्हर्ना अशा माणसांना फोनवर एकत्र आणायची. ज्युडी त्यात बसू लागली. पहिले तीन बुधवार ती नुसती ऐकत होती. चौथ्या बुधवारी तिनं आपलं नाव सांगितलं.

नशीब असं की त्याच वर्षी, २०२४ च्या जुलैपासून, मिनेसोटात नवा कायदा लागू झाला. दत्तक गेलेल्या माणसाला आपला मूळ जन्मदाखला मागता येऊ लागला. आधी तो कुलपात असायचा. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ज्युडीचा अर्ज पोस्टात पडला. त्यानंतर पोस्टमनची गाडी गल्लीत वळली की सुहासिनी खिडकीशी हजर. "तुझा दाखला येणारे की तिचा?" प्रल्हाद विचारायचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. ज्युडीनं ते सुहासिनीच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तू फोड." सुहासिनीनं मान हलवली. मग ज्युडीनंच सुरीनं कड कापली.

बाळाचं नाव डेलिया मे. आईचं नाव जोसेफिन ड्यूफो, वय चोवीस. जन्मस्थळ उत्तरेकडलं एक लहान गाव, ओजिब्वे जमातीसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशाला, रिझर्व्हेशनला, लागून.

"डेलिया," ज्युडी म्हणाली. मग पुन्हा एकदा, दबक्या आवाजात. मग तिनं पाणी मागितलं.

"पुढे शोधू?" सुहासिनीनं विचारलं. या खेपेस तिनं विचारलं.

"शोध."

दुसऱ्या दिवशी ज्युडी सकाळच्या फेरीला गेली आणि सुहासिनी कॉम्प्युटरपुढे बसली. जोसेफिन ड्यूफो कुठेच सापडेना. पण बावीस वर्षांचा अनुभव वाया कसा जाईल? आडनाव फ्रेंच वळणाचं. कारकुनानं कानानं ऐकून लिहिलेलं. उच्चार तोच ठेवून स्पेलिंग किती तऱ्हांनी होईल, याची तिनं कागदावर यादी केली, आणि त्या भागातल्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत एकेक स्पेलिंग घालून बघू लागली. सातव्या स्पेलिंगला, साडेअकराच्या सुमारास, १९९८ सालची एक निधनवार्ता उघडली.

जोसेफिन. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काम. मण्यांच्या कलाकुसरीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि खाली, ज्यांना मागे ठेवून गेली त्यांच्या नावांत: मुलगी आयलीन, मुलगा लेनर्ड, आणि डेलिया, जिथे कुठे असेल तिथे.

सुहासिनी खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. घरात कोणी नव्हतं. तिनं मोठ्यानं वाचलं. ज्युडीला सांगायचं तर तिचा फोन गाडीत बंद, आणि आज मधल्या वेळेत तिला शाळेची सहल घेऊन जायची होती.

आता थांबायला हवं होतं. पण बोटं थांबली नाहीत. आयलीनचं नाव घालताच एक पान आलं: रिझर्व्हेशनवरच्या वृद्धांच्या दुपारच्या जेवणाची व्यवस्था, स्वयंपाक आयलीन, त्यापुढे फोन नंबर. ही तीच आयलीन का? एवढंच कळलं तर? व्हर्नाचं बोलणं तिला आठवत होतं, अगदी शब्दन् शब्द. तरी तिनं नंबर फिरवला.

दोनच रिंग झाल्या. मागे भांड्यांचा आवाज. "हॅलो?" बाईचा आवाज, घाईतला, मायाळू. "हॅलो? कोण बोलतंय?"

सुहासिनीनं फोन ठेवून दिला.

तीन चाळीसला बस गल्लीच्या तोंडाशी येते; शाळा सुटल्यावर निधी आजीकडेच उतरते. सव्वातीनलाच ती निधनवार्तेचा छापलेला कागद घडी करून, घरातल्या सपाता घालूनच तिथं जाऊन उभी राहिली. बस आली, दार उघडलं, निधी उड्या मारत उतरली. ज्युडीनं वरून बघितलं.

"सू? काय झालं?"

कागद मुठीत होता. मागे तीसेक पोरं कलकलाट करत होती.

"काही नाही. तू गाडी चालव."

"तुझा चेहरा वेगळंच सांगतोय."

"ज्युडी, दार लाव. गाडी नीट चालव. घरी आलीस की बोलू."

"आजी, व्हाय आर यू वेअरिंग स्लिपर्स?" निधीनं विचारलं. आजीनं तिचं दप्तर खांद्यावर घेतलं.

पावणेपाचला ज्युडीची गाडी तिच्या ड्राइव्हवेत शिरली, तेव्हा सुहासिनी तिथंच उभी. ज्युडीनं कागद हातात घेतला, उभ्या उभ्या वाचला, आणि गाडीच्या बॉनेटला टेकली. बराच वेळ ती एकाच ओळीकडे बघत होती.

"हे कोणी लिहिलं असेल?"

"घरच्यांनीच."

"तीस वर्षं झाली होती मला नेऊन. तीस वर्षांनंतरही त्यांनी मला घरच्या माणसांत लिहिलं." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. "सू, मला बहीण आहे."

तेव्हाच सांगितलेलं बरं, असं सुहासिनीला वाटलं. लपवून ठेवलं असतं तर पोटात राहिलं नसतं. तिनं सगळं सांगितलं, नंबर, दोन रिंग, हॅलो.

ज्युडीचं हसू गेलं. "तू तिचा आवाज ऐकलास?"

"हो."

"माझ्याआधी."

ज्युडीनं कागद नीट घडी केला आणि घरात निघून गेली.

व्हर्नाला फोन केला तेव्हा ती रागावली नाही. त्यानं सुहासिनीला जास्तच वाईट वाटलं. "ओहायोचा नंबर तिच्या फोनवर दिसला असेल," व्हर्ना म्हणाली. "आता तिला कळवावं लागेल. पण ज्युडी म्हणेल तेव्हा."

दोन दिवस ज्युडी आली नाही. सुहासिनीनं फ्रिज धुतला, मसाल्याचे डबे धुतले, आधीच स्वच्छ असलेलं कपाट आवरलं. प्रल्हादनं "मी सांगितलं होतं" हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. हे त्याचे उपकारच. तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणातून ज्युडीची हाक आली. ती आत आली, स्टुलावर बसली, आणि बराच वेळ मीठदाणीशी चाळा करत राहिली.

"कसा होता आवाज?"

सुहासिनी तिच्यासमोर बसली. "घाईतला. पण गोड. मागे भांडी वाजत होती. तुझ्यासारखाच शेवटचा शब्द जरा ओढते ती."

"मी ओढते?"

"ओढतेस."

ज्युडी हसली. मग म्हणाली, "चल, पत्र लिहू. मी लिहीन. तू फक्त स्पेलिंग बघ."

पत्र व्हर्नामार्फत गेलं. उत्तराला महिना लागेल असं व्हर्ना म्हणाली होती. पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ज्युडीच्या स्वयंपाकघरात दोघी कॉफी पीत असताना फोन वाजला. मिनेसोटाचा नंबर. ज्युडीनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"डेलिया?"

ज्युडीच्या तोंडून शब्द फुटेना.

"बोलवत नसेल तर राहू दे," पलीकडचा आवाज म्हणाला. "आमच्याकडे फोनवर गप्प बसलेलं चालतं. मी बोलते. मी आयलीन. मी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, जाडी, चौसष्ट वर्षांची म्हातारी आहे. मला चार मुलं, अकरा नातवंडं. म्हणजे तुलाही आहेत. तुझा भाऊ लेनर्ड दोन हजार अकराला गेला. तो असता तर आत्ता गाडी काढून निघाला असता. तुझा आवाज येतोय मला. तू रडतेयस. रड."

"आयलीन," ज्युडी म्हणाली. शेवटचा शब्द ओढत.

चाळीस मिनिटं त्या बोलल्या. आवडीचं गोडधोड कुठलं, रक्तदाब कोणाकोणाला, थंडीत कुणाचे हात फुटतात. सुहासिनी उठून जाऊ लागली तर ज्युडीनं तिचं मनगट धरून ठेवलं. शेवटी आयलीन म्हणाली, "मध्यंतरी ओहायोहून एक फोन येऊन कट झाला. मी जेवण वाढायचं सोडून नंबर बघत उभी राहिले. म्हाताऱ्यांचं सूप गार झालं."

"ती माझी शेजारीण होती," ज्युडी म्हणाली. "तिला धीर नाही."

"मग तिलाही घेऊन ये. म्हाताऱ्यांना तिची माफी हवीय."

नोव्हेंबरात आयलीनच्या गावी मेळावा होता. नेली गेलेली माणसं परत आली की त्यांचं स्वागत तिथं सगळ्यांसमोर व्हायचं. ज्युडीनं रजा टाकली. "गाडी मी चालवीन," ती सुहासिनीला म्हणाली, "पण मी मध्येच वळून परत येऊ नये म्हणून कोणीतरी शेजारी बसलेलं हवं." सुहासिनीनं धपाटे केले, डिंकाचे लाडू केले, प्रल्हादसाठी चार दिवसांची भाजी डब्यांत भरली.

दोन दिवसांचा रस्ता. पहिल्या दिवशी ज्युडी अखंड बोलत होती. दुसऱ्या दिवशी विस्कॉन्सिनमध्ये एका पेट्रोल पंपावर ती थांबली आणि गाडी सुरूच करेना. बाहेर बर्फाची भुरभुर.

"मला त्यांचं काहीच येत नाही, सू. भाषा नाही, गाणी नाहीत, काही नाही. मी कोण म्हणून जाणार?"

आधीची सुहासिनी असती तर दहा गोष्टी सांगून मोकळी झाली असती. आता ती म्हणाली, "धपाटा खातेस?"

ज्युडीनं एक खाल्ला, मग दुसरा. वीस मिनिटं दोघी काचेवरचा बर्फ बघत बसल्या. मग ज्युडीनं तोंड पुसलं आणि किल्ली फिरवली.

आयलीनच्या घरापुढे इतक्या गाड्या होत्या की ज्युडीला वाटलं, घर चुकलं. दारापुढच्या लाकडी उतारावर काठी टेकून एक बाई उभी होती. तेच रुंद गालफड, तेच केस, फक्त पांढरे. ज्युडी गाडीतून उतरली, आणि इंजिन बंद करायचं विसरली. ते सुहासिनीनं वाकून बंद केलं. मान वर केली तोवर दोघी एकमेकींच्या गळ्यात होत्या आणि काठी बर्फात पडली होती.

आत जंगली तांदळाचं सूप, हरणाचं मांस, तळलेला ब्रेड, आणि माणसंच माणसं. पोरं येऊन ज्युडीला हात लावून पळत होती. भिंतीवर जोसेफिनचा फोटो. ज्युडी त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा घरातला गलबला आपोआप थांबला. फोटोतली बाई ज्युडीपेक्षा लहान होती, पण नाक, कपाळ, उभं राहायची ढब, सगळं तेच.

जेवणं झाल्यावर आयलीननं टेबलावर दोन्ही हात ठेवले. "मला एक सांगायचंय. फोनवर सांगता आलं नसतं."

त्या दिवशी आई कामाला गेली होती, आजी लाकडं आणायला. काळी गाडी आली. आयलीन सात वर्षांची. रिझर्व्हेशनवरच्या सगळ्या पोरांना शिकवलेलं असायचं: अशी गाडी दिसली की लपा. तिनं चार वर्षांच्या लेनर्डचा हात धरला आणि पायऱ्यांखाली शिरली.

"तू खाटेवर झोपली होतीस. मला तुला उचलता आलं असतं. मी रोज उचलायचे. पण मला वाटलं, झोपलेल्या बाळाला कोण नेईल? वरून पावलं ऐकू आली. मग दार. मग गाडी." ती थांबली. "आईनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. मी सत्तावन्न वर्षं स्वतःला लावतेय."

ज्युडी खुर्ची सरकवून तिच्या अगदी जवळ गेली.

"आयलीन, मी सत्तावीस वर्षं स्कूल बस चालवतेय. रोज सात वर्षांची पोरं चढतात माझ्या गाडीत. त्यांना स्वतःच्या जॅकेटची चेन लावता येत नाही. त्यांच्यापैकी एकीनं भावाला वाचवलं असतं ना, तर मी तिला खांद्यावर घेऊन शाळाभर मिरवलं असतं."

आयलीननं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. अशी रडली की तिची मोठी मुलं घाबरून उभी राहिली. ज्युडी तिच्या पाठीवर थोपटत होती, आणि मध्येच कोणीतरी हसलं, कारण आयलीन रडता रडता म्हणाली, "निशीमे, तू किती जड झालीस." निशीमे म्हणजे धाकटं भावंड, आयलीनच्या मुलीनं सुहासिनीच्या कानात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये मेळावा भरला. मधोमध मोठा ढोल, भोवती बसलेले गाणारे पुरुष. आज पाच जण परतले होते; त्यांत एक्काहत्तर वर्षांचा एक म्हातारा, नाकात ऑक्सिजनची नळी, चाकाच्या खुर्चीत. स्वागताचं गाणं चालू असताना फोटो काढायचे नाहीत, असं माइकवरून सांगितलं गेलं. सुहासिनीनं फोन पर्सच्या तळाशी टाकला. व्हर्ना तिथं प्रत्यक्ष भेटली: बुटकी, जाड भिंगांची. "धीर नसलेली शेजारीण," ती म्हणाली आणि सुहासिनीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

नाव पुकारलं गेलं: डेलिया. आयलीननं बहिणीच्या खांद्यांवर शाल घातली, आणि दोघी रिंगणात उतरल्या. ढोलाचा ठोका पायांतून वर चढत होता. ज्युडीला पावलं येत नव्हती. आयलीनचा गुडघा दुखत होता. म्हणून दोघी नुसत्या चालत होत्या, ठोक्याला ठोका जुळवत. त्यांच्यामागे आधी मुलं आली, मग नातवंडं, मग चुलत-मावस, मग ज्यांचं काही नातं सांगता येणार नाही असे लोकही. अर्ध्या फेरीत मागे साठ-सत्तर माणसं झाली. सुहासिनी भिंतीशी उभी होती. आयलीनच्या मुलीनं येऊन तिला ओढलं. "मी नको, मी बाहेरची," सुहासिनी म्हणाली. "मागून चालायला हरकत नाही," ती पोरगी म्हणाली. मग सुहासिनी चालली, सर्वांत शेवटी, त्या ऑक्सिजनवाल्या म्हाताऱ्याच्या खुर्चीमागे. तो मान वर करून छताकडे बघत हसत होता, आणि तिचं काळीज इतक्या जोरात उडत होतं की ढोलाचा ठोका कुठला आणि आपला कुठला, हेच कळेना.

नंतर सगळं गोडच झालं असं नाही. परत आल्यावर ज्युडी महिनाभर कोणाशी धड बोलली नाही. ज्यांनी वाढवलं त्यांच्या कबरीवर जाऊन तिनं एकदा मनसोक्त भांडण केलं आणि पुढच्या रविवारी फुलं घेऊन गेली. बुधवारचा फोन तिनं चुकवला नाही. जमातीच्या नोंदवहीत तिचं नाव लागायला वसंत उजाडला. जूनमध्ये शाळा सुटली तशी ती बसवरून रिटायर झाली आणि उन्हाळाभर आयलीनकडे जाऊन राहिली. घर मात्र तिनं विकलं नाही. हिवाळा डब्लिनमध्येच काढीन म्हणाली, तिकडची थंडी माणसांसाठी नाही.

सुहासिनी आता आठवड्यातून दोन सकाळी व्हर्नासाठी काम करते. जुन्या काउंटी कचेऱ्यांतून आलेले कागद लावते, चुकलेली नावं जुळवते, आणि जुळलेलं व्हर्नाकडे पाठवते. पुढचा फोन तिनं करायचा नसतो. सुरुवातीला ते फार जड गेलं. मार्चपासून आतापर्यंत तिच्या टेबलावरून तीन नावं लागली आहेत. त्यांतली दोन माणसं घरी जाऊन आली, तिसऱ्यानं अजून नको म्हटलंय.

ऑगस्टच्या शेवटी, सकाळी दहाच्या सुमारास, ज्युडीचा फोन आला. तळ्यावरून बोलत होती, आवाज तुटत होता. तांदळाचा हंगाम सुरू झाला होता. होडीत एकानं बांबूसारख्या लांब काठीनं ढकलायचं, दुसऱ्यानं लाकडी दांडक्यांनी ओंब्या वाकवून दाणे होडीत झाडायचे. ज्युडी काठीवर उभी होती आणि पहिल्याच तासाला तोल जाऊन कंबरभर पाण्यात पडली होती.

"होडी उलटली का?"

"होडी नाही उलटली. मी एकटीच. आयलीननं तांदूळ वाचवला, मला नाही." मागून कोणीतरी खदखदून हसत होतं. "सू, आई याच तळ्यावर यायची. आयलीननं जागा दाखवली. दाणे इतके हलके असतात, हात लावला की गळतात. तू येतेस का? शुक्रवारपर्यंत तरी पीक टिकेल."

सुहासिनीनं फोन कानाशी धरूनच दार उघडलं. प्रल्हाद मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होता.

"अहो," ती म्हणाली, "या वेळेला तुम्हीही चला. आणि चांगले बूट घ्या, तिथं चिखल आहे."